बोलायला थांबली, बोलायची थांबली

हातात काम असेल तर ते चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

बचत गटाच्या बैठकीत इंग्रजीचा विषय निघाला की दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. एक ताई म्हणते, माझी मुलगी बारावीला आहे, वाक्यात 'टू' लावायचं की 'इंग' लावायचं, यावर तिची गाडी अडते. दुसरी म्हणते, मी एमआयडीसीत पॅकिंगला जाते, पाट्या वाचता येतात, पण चार वाक्यं बोलायची म्हटली की शब्द उलटेसुलटे पडतात. या दोघींची अडचण एकच आहे, आणि आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे. इंग्रजीत एका क्रियापदाची दोन रूपं होतात. 'टू गो' आणि 'गोइंग'. 'टू कुक' आणि 'कुकिंग'. यातलं कोणतं कुठे घ्यायचं? पुस्तकात पहिल्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि दुसऱ्याला जेरंड. नावं एकदा ऐकून ठेवा, मुलांच्या पुस्तकात भेटतील. आपण आज नुसतं 'टू-वालं' आणि 'इंग-वालं' म्हणू.

आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं 2000 साली. त्यामुळे लेकरांना जे पहिलीत कानावर पडतं ते आपल्याला उशिरा पडलं, आणि मध्येच शाळा सुटली असेल तर तेही राहिलं. पण एक गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे, आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. इंग-वाली रूपं तुम्ही रोज वापरता. पॅकिंगला जाते. मिटिंगला बसले. लोडिंगचं काम आहे. घरात वायरिंग करून घेतलं. ब्लाउजचं फिटिंग बिघडलं. बघा, या शब्दांना आपण 'ला', 'चं' असे मराठी प्रत्यय लावतो. 'घराला', 'शेताचं' म्हणतो तसंच 'पॅकिंगला', 'लोडिंगचं'. म्हणजे आपल्या तोंडात हे शब्द नाम झालेले आहेत. इंग-वालं रूप म्हणजे हेच: क्रियापदाचं झालेलं नाम. मराठीत करणं, जाणं, धुणं म्हणतो, तसं. धुणं वाळत घातलं, असं आपण म्हणतोच की. मराठी व्याकरणात याला धातुसाधित नाम म्हणतात. 'शी इज कमिंग', म्हणजे ती येते आहे, यातलं 'इंग' वेगळ्या कामाचं आहे. ते आज बाजूला ठेवू.

आता टू-वालं. 'टू' या शब्दाचा मूळ अर्थ 'कडे'. बस गोज टू दौंड. बस दौंडकडे जाते. क्रियापदाच्या आधी येणारा 'टू' सुद्धा जुन्या काळी हाच 'कडे' होता. 'आय वॉन्ट टू गो' म्हणजे माझं मन जाण्याकडे आहे. अजून गेलेली नाही. काम पुढे आहे, मी त्याच्याकडे तोंड करून उभी आहे. टू-वाल्यात काम बहुतेक वेळा असं पुढे असतं. इंग-वाल्यात ते हातात असतं, किंवा होऊन गेलेलं असतं, किंवा नुसतं एक काम म्हणून त्याचं नाव घेतलेलं असतं. हा काही अपवाद नसलेला कायदा नाही, पण पाठ केलेल्या यादीपेक्षा हा आधार जास्त वेळा उपयोगी पडतो.

एकच जोडी नीट ऐका. शी स्टॉप्ड टू टॉक. शी स्टॉप्ड टॉकिंग. पहिल्याचं मराठी: ती बोलायला थांबली. दुसऱ्याचं: ती बोलायची थांबली. 'बोलायला थांबली' म्हणजे वाटेत कोणी भेटलं, पाय थांबले आणि तोंड सुरू झालं. 'बोलायची थांबली' म्हणजे तोंडच बंद झालं. 'ला' आणि 'ची', एवढ्याशा फरकानं अर्थ पार उलटा. आपल्या गावातलं शाळा न पाहिलेलं माणूससुद्धा यात कधी चुकत नाही. इंग्रजीतही नेमकं हेच होतं. एमआयडीसीच्या गेटवर 'नो स्मोकिंग' लिहितात ते याच इंग-वाल्यातलं. आता कोणी सांगितलं, 'ही स्टॉप्ड स्मोकिंग', तर विडी-सिगरेट सोडली म्हणून आनंद माना. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हटलं तर तो हातातलं काम टाकून ओढायला गेला आहे.

आता ही जोडी कुरकुंभसारख्या ठिकाणी का महत्त्वाची, ते सांगते. आपली एमआयडीसी रसायनांची आणि औषधांची. तिथे झाकण, नळ, व्हॉल्व्ह उघडं राहिलं की बंद झालं, हा नुसता व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. पाळी बदलताना एक बाई दुसरीला काम सोपवते. फळ्यावर किंवा वहीत दोन शब्द लिहिलेले असतात. समजा लिहिलं आहे, 'रिमेंबर टू क्लोज द व्हॉल्व्ह.' याचा अर्थ, व्हॉल्व्ह बंद करायचं लक्षात ठेव. म्हणजे तो अजून उघडा आहे, आणि बंद करणारी तू आहेस. आता समजा जाणारी बाई म्हणाली, 'आय रिमेंबर क्लोजिंग द व्हॉल्व्ह.' याचा अर्थ, व्हॉल्व्ह बंद केल्याचं मला आठवतं. काम झालेलं आहे. घाईत पहिलं वाक्य दुसऱ्यासारखं वाचलं, तर उघड्या व्हॉल्व्हशेजारी बाई निर्धास्त काम करत बसेल.

पुन्हा मराठीकडे बघा. 'बंद करायचं आठवलं' आणि 'बंद केल्याचं आठवतं'. आपल्याकडे हा फरक तयारच आहे. 'करायचं' असेल तिथे 'टू'. 'केल्याचं' असेल तिथे 'इंग'. 'फर्गेट'चंही तसंच. 'आय फर्गॉट टू स्विच ऑफ द मोटर', मोटर बंद करायला विसरले. मोटर चालू आहे, पळा. आणि 'आय विल नेव्हर फर्गेट सीइंग पंढरपूर', पंढरपूर पाहिल्याचं कधी विसरणार नाही. पाहून झालेलं आहे, मनात राहिलं आहे.

याच्या जोडीला एक व्यवहाराची गोष्ट. वहीत लिहायची वेळ आली तर 'रिमेंबर'च्या वाटेला जाऊच नका. 'व्हॉल्व्ह क्लोज्ड' आणि पुढे वेळ, एवढं लिहा. किंवा 'व्हॉल्व्ह ओपन'. दोनच शब्द, शंका नाही. आणि समोरच्यानं लिहिलेलं कळलं नाही तर मराठीत विचारा, मोठ्यानं विचारा. न विचारता मान डोलावणं यापेक्षा तुटकं इंग्रजी हजार पटीनं बरं.

तिसरी जोडी 'ट्राय'ची, आणि ती मला सगळ्यात आवडते, कारण तिथे मराठी अगदी नेमकी आहे. 'आय ट्राइड टू ओपन द बॉटल', बाटली उघडायचा प्रयत्न केला. जोर लावला, पण झाकण निघालं असेल किंवा नसेलही. 'ट्राय ओपनिंग द विंडो', खिडकी उघडून बघ. खिडकी उघडणं अवघड नाही, ती उघडल्यानं बरं वाटतं का ते बघायचं आहे. म्हणजे जिथे आपण 'प्रयत्न केला' म्हणतो तिथे टू-वालं, आणि 'करून बघ' म्हणतो तिथे इंग-वालं. मोबाइल अडकला की पोरं सांगतात, बंद करून चालू करून बघ. ते इंग-वालं.

मराठीवरून इंग्रजी समजून घ्यायची ही रीत काही माझी नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठी भाषेचं व्याकरण छापलं. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी गेली. तुमच्या आजोबांच्या पेटीत एखादी जुनी प्रत असेलही. एक मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा उलटं, असा तिचा धडा. आता नवे क्लासवाले सांगतात की मराठी विसरा, इंग्रजीतच विचार करा. मला ते पटत नाही. जिच्या डोक्यात मराठी पक्की बसलेली आहे तिला ती विसरायला सांगणं म्हणजे विहीर असताना टँकरची वाट बघायला लावणं.

आणि वय झालं म्हणून इंग्रजी जमत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच दौंड तालुक्यातलं केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाई 1858 सालच्या. संस्कृत त्यांना आईवडिलांनी घरीच शिकवलेलं, पंडिता ही पदवी त्यावर मिळालेली. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा 25 वर्षांच्या होत्या, नवरा वारलेला, सोबत लहान मुलगी. 1887 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'. मध्ये गेली अवघी 4 वर्षं. पुढे दुष्काळातल्या बायका-मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला, तिथे छापखाना काढला, आणि खिळे जुळवण्यापासूनची छापखान्याची कामं बायका करू लागल्या. अवघड मराठी बायकांना कळत नाही म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 1922 साली केडगावलाच त्या वारल्या. दौंड-पुणे लोकलमध्ये बसून आपण केडगाव स्टेशन कितीदा ओलांडतो, पण हे आठवत नाही.

आता कडू भाग. काही ठिकाणी मराठी आपल्याला फसवते. मला स्वयंपाक करायला आवडतं. इथे 'करायला' आहे, म्हणून जीभ आपोआप 'टू'कडे जाते, आणि तोंडून निघतं, 'आय एंजॉय टू कुक.' हे चूक. 'एंजॉय'च्या मागे इंग-वालंच हवं: आय एंजॉय कुकिंग. आनंद हातातल्या कामाचा असतो, पुढच्या नव्हे, असं लक्षात ठेवा. 'लाइक'ला मात्र दोन्ही चालतं, 'स्टार्ट'लाही दोन्ही. त्यावर झोप घालवू नका. 'फिनिश' आणि 'अव्हॉइड' हे 'एंजॉय'च्या पंगतीतले. आय फिनिश्ड वॉशिंग. धुऊन संपलं. सुरू न झालेलं काम संपवता कसं येईल? 'अव्हॉइड ड्रायव्हिंग ॲट नाइट', रात्री गाडी चालवणं टाळा.

'सजेस्ट' आणखी फसवा. मी तिला खातं काढायला सुचवलं. इथेही 'काढायला'. पण इंग्रजीत 'आय सजेस्टेड ओपनिंग ॲन अकाउंट'. आणि 'करायला लावलं' याचं तर इंग्रजी ऐकून गंमत वाटेल. त्यांनी मला थांबायला लावलं: 'दे मेड मी वेट.' ना टू, ना इंग, नुसतं क्रियापद. 'लेट'चंही तसंच. लेट हर स्पीक, तिला बोलू द्या. हे वाक्य ग्रामसभेत उपयोगी पडेल, पण तिथे ते मराठीतच म्हणा.

उलट 'साठी' म्हणताना दुसरा खड्डा आहे. पैसे भरण्यासाठी आले. 'साठी' म्हणजे 'फॉर' हे पाठ असतं, म्हणून बँकेच्या खिडकीशी 'आय केम फॉर डिपॉझिटिंग मनी' असं निघतं. समोरच्याला कळतं, पण सरळ इंग्रजी आहे, 'आय केम टू डिपॉझिट मनी'. कशाला आले, कशाला गेले, कशाला थांबले, या 'कशाला'चं उत्तर टू-वालं. पैसे भरायला. मॅनेजरना भेटायला. बघा, 'भरण्यासाठी'ऐवजी साधं 'भरायला' मनात आणलं की वाट सापडते. जडबुडं मराठी इंग्रजीलाही जड करतं.

आता एक नियम असा, की त्याला डोकं लावावं लागत नाही. इंग्रजीत 'आफ्टर', 'बिफोर', 'फॉर', 'इन', 'विदाउट' असे छोटे शब्द असतात. आपण शब्दाच्या मागे चिकटवतो, ते पुढे ठेवतात. त्यांच्या लगेच नंतर क्रियापद आलं तर ते इंग-वालं. शेक वेल बिफोर युझिंग. औषधाच्या बाटलीवर असतं, वापरण्याआधी हलवा. फवारणीच्या डब्यावर असतं, 'वॉश हँड्स आफ्टर हँडलिंग', हाताळल्यानंतर हात धुवा. थँक यू फॉर कमिंग. आय ॲम इंटरेस्टेड इन लर्निंग. मराठीतही 'वापरण्याआधी', 'हाताळल्यानंतर' असं क्रियापदाला नामासारखं वळवूनच आपण पुढचा शब्द जोडतो. 'वापरायला आधी' असं कोणी म्हणत नाही.

आणि इथेच मोठी फसगत होते, कारण 'टू' हासुद्धा त्या छोट्या शब्दांतलाच एक आहे. काही वाक्यांत तो खरोखर 'कडे' असतो, आणि मग त्याच्यानंतर इंग-वालं येतं. अर्जाच्या शेवटी लिहितात, 'आय लूक फॉरवर्ड टू मीटिंग यू.' आपण म्हणतो, भेटीकडे डोळे लागलेत. भेटीकडे. नामाला लागलेला 'कडे'. म्हणून 'मीटिंग'. तिथे 'टू मीट' लिहिलेले अर्ज पुष्कळ असतात, आणि वाचणारा जाणता असेल तर त्याची नजर तिथे अडखळते. हे एक वाक्य पाठच करा. मुलीला, सुनेला, भाचीला पाठ करून द्या.

मुलाखतीतला खरा घात मात्र दुसऱ्या वाक्यानं होतो. समोरचा विचारतो, 8 तास उभं राहून काम करावं लागेल, जमेल का? बाईनं तर जन्मभर उभ्यानं राबून काढलेलं. ती म्हणते, 'आय यूज्ड टू स्टँड फॉर एट अवर्स.' तिला म्हणायचं असतं की मला सवय आहे. पण ऐकणाऱ्याला कळतं, ही पूर्वी उभी राहायची, आता नाही राहत. सवय आहे असं म्हणायचं तर, 'आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग फॉर एट अवर्स.' मध्ये 'ॲम' आलं आणि शेवटी 'इंग' आलं. दोन लहान गोष्टी. 'आय यूज्ड टू स्टँड', मी उभी राहायची. 'आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग', उभं राहण्याची मला सवय आहे. 'उभी राहायची' यात 'आता नाही' हा अर्थ लपलेला असतो, तो इंग्रजीतही तसाच लपतो. जिला नोकरीला जायचं आहे तिनं ही दोन वाक्यं आज रात्री भांडी घासताना 10 वेळा म्हणावीत. 'उभं राहणं'च्या जागी आपापलं काम घाला. आय ॲम यूज्ड टू लिफ्टिंग बॉक्सेस. आय ॲम यूज्ड टू कीपिंग अकाउंट्स. हे शेवटचं गटाच्या सचिव ताईंसाठी. गटाचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणारी बाई कामाच्या अर्जात 'अनुभव नाही' असं लिहून येते, याचा मला फार राग येतो.

बारावीच्या मुलीसाठी दोन शब्द. तिच्या पेपरात बहुधा असं विचारतात की या शब्दाचं जेरंड करून किंवा इन्फिनिटिव्ह करून वाक्य पुन्हा लिहा. 'इट इज डिफिकल्ट टू क्लाइंब द हिल.' याचं इंग-वालं करताना तो शब्द वाक्याच्या तोंडाशी आणायचा: 'क्लाइंबिंग द हिल इज डिफिकल्ट.' मराठीत हा डोंगर चढायला अवघड आहे, आणि डोंगर चढणं अवघड आहे. अर्थ तोच, बसण्याची जागा बदलली. तिला म्हणावं, आधी मराठीत दोन्ही तऱ्हांनी म्हण आणि मग लिही. पेपरात ते मराठी कोणाला दिसत नाही.

पुढच्या बैठकीला वेळ मिळाला तर एक खेळ करा. एकीनं मराठी वाक्य सांगायचं, बाकीच्यांनी नुसतं 'टू' किंवा 'इंग' ओरडायचं. इंग्रजी वाक्य पुरं आलं नाही तरी चालेल. गॅस बंद करायला विसरले. लेकीला शाळेत पहिल्यांदा सोडल्याचं आठवतं. चहा प्यायला थांबले. चहा प्यायची थांबले. कुलूप उघडायचा प्रयत्न केला. दुसरी किल्ली लावून बघ. उत्तरं क्रमानं सांगते: टू, इंग, टू, इंग, टू, इंग.

आणि अर्ज केल्यावर जे पत्र येतं त्याबद्दल एवढं सांगून थांबते. पत्रात 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' असे शब्द दिसले तर ते 'कळवण्यास खेद वाटतो'. खेदाची बातमी पुढच्याच ओळीत असते, ती वाचा आणि दुसरीकडे अर्ज करा. 'रिग्रेट'च्या पुढे 'इंग' आलं तर मात्र केल्याचा पस्तावा. आय रिग्रेट लीव्हिंग स्कूल. शाळा सोडल्याचं वाईट वाटतं. हे वाक्य म्हणणाऱ्या जणी आपल्यात पुष्कळ आहेत. त्याच्या पुढे त्यांना जोडायला एक टू-वालं वाक्य देते, 'आय वॉन्ट टू स्टार्ट अगेन.' मुक्त विद्यापीठात किंवा दहावीला बाहेरून बसायचा 17 नंबरचा फॉर्म कुठे मिळतो, हे जवळच्या हायस्कुलात विचारलं तर सांगतात.